डिझेल की पेट्रोल? मोठी फोर बाय फोर घेण्याआधी

मोठी एसयूव्ही घ्यायची ठरली की घरातले, शेजारचे आणि शोरूममधला सेल्समन सगळे एकच विचारतात : महिन्याला किती किलोमीटर चालवणार? पैशांच्या हिशेबाला हा आकडा लागतोच. पण आजच्या डिझेल इंजिनाची तब्येत त्यावर ठरत नाही. गाडी एकदा सुरू झाली की सलग किती वेळ आणि कुठल्या वेगाने पळते, यावर ती ठरते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालूनही डिझेल गाडी वर्कशॉपच्या फेऱ्या मारू शकते, आणि आठ हजार चालणारी ठणठणीत राहू शकते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. हिशेब तिसऱ्या पायरीवर येतो.

पहिली पायरी : फोर बाय फोर खरंच हवी आहे का?

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना. ती हवी का हे आधी ठरवायचं, कारण आपल्याकडे अनेकदा इंधनाचा निर्णय कंपनीनेच घेऊन टाकलेला असतो. स्कॉर्पिओ-एन पेट्रोलमध्येही येते, पण तिची फोर बाय फोर डिझेललाच जोडलेली. २०२४ मध्ये आलेल्या पाचदारी थार रॉक्सचंही तसंच : पेट्रोल घेतलं की ताकद फक्त मागच्या चाकांना. फॉर्च्युनरचं २.७ लिटरचं पेट्रोल इंजिन टू व्हील ड्राइव्ह आणि २.८ लिटरच्या डिझेललाच फोर बाय फोर. फोर्स गुरखा डिझेलच. उलट बाजूला जीप रँग्लर पेट्रोलच, आणि आकाराने लहान असली तरी लो रेंज (चढ-चिखलासाठीचे संथ, जास्त ओढीचे गिअर) असलेली जिम्नीही पेट्रोलच. २०२० च्या तीनदारी थारमध्ये दोन्ही इंधनांत फोर बाय फोर आली. पण व्हेरियंट दरवर्षी बदलतात, तेव्हा चालू महिन्याची किंमत-यादी हातात घेऊनच बोला.

आता गरज कोणाला? मळ्याचा रस्ता काळ्या मातीचा असेल आणि पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरच जात असेल, कोकणात घरापर्यंत जांभ्याचा चढ असेल, ट्रेलर ओढायचा असेल, हिमालयात जायचं असेल, तर हो. वर्षातून दोनदा महाबळेश्वर आणि एकदा गोवा एवढंच असेल, तर नाही. फोर बाय फोरमुळे किंमत, वजन आणि इंधनाचा खर्च तिन्ही वाढतात. ती नको असेल, तर पेट्रोलचे पर्याय एकदम खुले होतात.

दुसरी पायरी : पंधरा दिवस वही ठेवा

सध्याच्या गाडीत छोटी वही ठेवा आणि प्रत्येक फेरीला तीन गोष्टी लिहा : किती किलोमीटर, किती मिनिटं, आणि त्यात न थांबता ताशी साठच्या वर गाडी किती वेळ होती.

नुसते किलोमीटर फसवतात. कोथरूड ते हिंजवडी हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कागदावर बरी फेरी. पण संध्याकाळी त्याला दीड तास लागतो, सरासरी वेग पंधराच्या आत, आणि साठचा आकडा दिसतच नाही. तेवढ्याच अंतराची फेरी कोल्हापूरहून महामार्गाने कागलला केली, तर इंजिनाला वीस मिनिटं मोकळा श्वास मिळतो. डिझेलच्या दृष्टीने ही दोन वेगळी आयुष्यं आहेत.

आठवड्यातून किमान एकदा, अर्ध्या तासाची, साठच्या वरची मोकळी धाव वहीत दिसत असेल, तर डिझेल चालेल. महिनोन्‌महिने शाळा, भाजी, ऑफिस आणि ट्रॅफिक एवढंच दिसत असेल, तर डिझेलचं अ‍ॅव्हरेज कितीही आकर्षक वाटो, पेट्रोल घ्या.

असं का? डीपीएफचं प्रकरण

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, आली. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. धूर गाळला जातो, काजळी आत साठते. ती ठरावीक पातळीला गेली की इंजिनाचा कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल सोडून तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात. दर काहीशे किलोमीटरला ते होतं आणि पूर्ण व्हायला दहा-वीस मिनिटं लागतात.

ते चालू आहे हे ओळखायला शिका : आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर, गाडी उभी असताना रेडिएटरचा पंखा जोरात, मीटरवर तात्पुरतं घसरलेलं अ‍ॅव्हरेज, आणि उतरल्यावर तापलेला वास. अशा वेळी घरी पोचला असाल, तरी आणखी दहा मिनिटं फिरून या. दर वेळी अर्ध्यात इंजिन बंद केलं तर दोन गोष्टी बिघडतात. एक, काजळी साठतच जाते. दुसरी कमी लोकांना ठाऊक असते : जाळण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) व बेअरिंगचं वंगण कमी पडतं. म्हणून बीएस-६ डिझेलची डिपस्टिक दर पंधरवड्याला बघायची, आणि पातळी वाढलेली दिसली तर खूश व्हायचं नाही. वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर सर्व्हिसिंगची तारीख न बघता ऑइल बदला.

डीपीएफचा पिवळा दिवा लागला की गाडी महामार्गावर काढा, सहाव्या गिअरऐवजी चौथा धरून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दोन हजारांच्या वर ठेवा आणि वीस मिनिटं चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःहून ताकद कमी करते. मग वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावून जबरदस्तीचं रीजनरेशन करावं लागतं, आणि तेही जमलं नाही तर गाळणीच बदलावी लागते. हे बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. यावर ‘काढूनच टाकू’ असा उपाय काही गॅरेजवाले सुचवतात. तो बेकायदा आहे, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं ते वेगळंच.

शेतावर जाणाऱ्यांसाठी एक : रीजनरेशन चालू असताना वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करू नका. खालचा पाइप पेट घेण्याइतका तापलेला असतो.

ऑइलही नेमकं लागतं. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल हवं. डब्यावर सी२ किंवा सी३ यांपैकी मॅन्युअलमध्ये जी श्रेणी दिली असेल तीच घ्या. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. नाक्यावरच्या गॅरेजात ट्रकच्या बॅरलमधलं ऑइल भरून वाचवलेले हजार-दीड हजार रुपये पुढे फार महाग पडतात. मोठ्या डिझेलमध्ये ऑइल साधारण सहा ते साडेसात लिटर बसतं, हे सर्व्हिसिंगच्या खर्चात धरा.

काही डिझेल गाड्यांत याच्या जोडीला डीईएफची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाणी असतं, खतातला युरिया नव्हे. ते संपलं की आधी इशारे येतात आणि तरीही भरलं नाही तर गाडी पुन्हा सुरू होत नाही. सीलबंद कॅनच घ्या, उघडून वर्षभर ठेवलेला नको.

पेट्रोल इंजिनाला यातलं काही लागत नाही. छोट्या फेऱ्या त्यालाही मानवत नाहीत, पण ते लवकर तापतं आणि चूक पोटात घालतं.

तिसरी पायरी : हिशेब

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के आणि डिझेलला १३, १४ किंवा १५ टक्के. टप्पे दहा आणि वीस लाखांचे. गंमत इथेच आहे. समजा पेट्रोल गाडी साडेएकोणीस लाखांची आणि तीच डिझेलमध्ये एकवीस लाखांची. पेट्रोलला १२ टक्क्यांनी २ लाख ३४ हजार, डिझेलला १५ टक्क्यांनी ३ लाख १५ हजार. शोरूममध्ये दीड लाखाचा दिसणारा फरक आरटीओपर्यंत २ लाख ३१ हजार झाला. कंपनीच्या नावावर पासिंग केलं तर टक्केवारी आणखी वाढते. जीएसटीत मात्र फरक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या दोन्ही गाड्यांना ४० टक्केच.

आता इंधन. २०२५ मध्ये मुंबई-पुण्यात पेट्रोल साधारण १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर होतं. दोन टनांच्या आसपासची टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक शहर-महामार्ग मिळून ९ च्या आसपास देते, तशीच डिझेल १२ च्या आसपास. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे ११ रुपये ५५ पैसे, डिझेलला साडेसात. फरक चार रुपयांचा. डिझेल फिल्टर, जास्तीचं ऑइल, डीईएफ यांचे पन्नास पैसे वजा करा, उरले साडेतीन. २ लाख ३१ हजार भागिले साडेतीन : ६६ हजार किलोमीटर झाल्यावर डिझेलचा फायदा सुरू होतो.

महिन्याला ५०० किलोमीटर असतील तर अकरा वर्षं. १,२५० असतील तर साडेचार. २,००० असतील तर पावणेतीन. यात तुमचे आकडे घाला. किमतीतला फरक लाखाच्या आत आला किंवा रोड टॅक्सचा टप्पा ओलांडला गेला नाही, तर गणित बरंच बदलतं. अ‍ॅव्हरेज मात्र मीटरवरचं धरू नका. टाकी ते टाकी मोजा : पहिल्या कटला (नोझल आपोआप थांबेल तेव्हा) टाकी फुल, तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटला फुल, आणि भागाकार.

पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायावर फार अवलंबून असतं. समृद्धी महामार्गावर ९० ने चालवलेली टर्बो पेट्रोल बारा देईल, तीच १२० ला नऊवर येईल. डिझेल इतकं हलत नाही. शिवाय पंपावर मिळणारं पेट्रोल आता ई-२०, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या रिव्ह्यूमधले पेट्रोलचे आकडे वाचताना तेवढं वजा करा. फार्महाऊसवर गाडी चार महिने उभी राहणार असेल तर हेही लक्षात घ्या की इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

ओढ, घाट आणि चिखल

‘पेट्रोलला ओढ नसते’ हे वाक्य टर्बो नसलेल्या इंजिनांच्या काळातलं आहे. स्कॉर्पिओ-एन ऑटोमॅटिकचं बघा : पेट्रोल २०० बीएचपी (ताकद) आणि ३८० न्यूटन-मीटर (ओढ), डिझेल १७२ बीएचपी आणि ४०० न्यूटन-मीटर. दोन्हींची पूर्ण ओढ १,७५० आरपीएमपासून सुरू. ताम्हिणीत पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना या फरकाने कोणी अडत नाही; ओव्हरटेकला तर पेट्रोलच सरस. टर्बो नसलेल्या फॉर्च्युनर पेट्रोलची गोष्ट निराळी : २४५ न्यूटन-मीटर, चढावर तिला रेस द्यावीच लागते. बदल्यात टर्बोही नाही आणि डीपीएफही नाही, म्हणजे बिघडायला कमी गोष्टी. सावकाश चालवणाऱ्या माणसाला ती वाईट नाही.

डिझेलचा खरा फायदा रांगण्यात आहे. लो रेंज, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला, आणि गाडी दगडांवरून चालण्याच्या वेगाने सरकते, बंद पडत नाही. मॅन्युअल पेट्रोलमध्ये इथे क्लच जळतो, कारण नवखा माणूस रेस आणि अर्धा क्लच यांनी भागवतो. ऑटोमॅटिक घेतली तर हा फरकही जवळजवळ मिटतो.

चिखलाचं सांगायचं तर काळ्या मातीत इंधनापेक्षा टायर महत्त्वाचे. महामार्गी टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत मातीने भरतात आणि मग चारही चाकं जागच्या जागी फिरतात. ४०० न्यूटन-मीटर तिथे खड्डाच खोल करतं. बजेटमधून ऑल टेरेन टायरचे पैसे बाजूला काढा. आणि कोरड्या डांबरावर पार्ट टाइम (गरजेपुरती लावायची) फोर बाय फोर लावू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.

पाण्यात दोन्ही इंजिनं मरतात. डिझेलला स्पार्क प्लग नसल्याने पाणी चालतं हा गैरसमज आहे. हवेच्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने नुकसानही मोठं. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिलेली आहे. ती संथ पाण्यातली. ओढ्याला आलेला लोंढा ती वाचत नाही.

लडाखचा बेत असेल तर

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ५७ लिटरच्या टाकीत डिझेल डोंगरातही सहाशेच्या आसपास जाते. पेट्रोल आठच्या हिशेबाने साडेचारशे. पोचाल, पण वाटेत एखादा फाटा घ्यायची मोकळीक उरणार नाही. उंचीवर हवा विरळ होते, टर्बो ती बऱ्यापैकी भरून काढतो. टर्बो नसलेलं पेट्रोल दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावतं.

थंडीत मात्र पारडं फिरतं. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्यात गोठून फिल्टर तुंबवतं. म्हणूनच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. पुण्यात भरलेली टाकी घेऊन जानेवारीत स्पितीत मुक्काम करू नका. वर पोचेपर्यंत ती जवळजवळ रिकामी करून स्थानिक डिझेल भरा. डीईएफही उणे ११ ला गोठतं, पण त्याच्या टाकीला हीटर असतो, त्याची काळजी गाडी घेते.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमच्या रोजच्या दोन किलोमीटरच्या चकरीतून काही कळत नाही. इंजिन थंड असताना गाडी मागा. बॉनेट गरम लागलं तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा. एसी पूर्ण, चार माणसं आत. पहिल्या पाच मिनिटांत डिझेलचा आवाज आणि सीट-स्टिअरिंगमधली थरथर तपासा. मग तिसऱ्या गिअरमध्ये वीसवरून चाळीस, पाय हलका : दीड हजार आरपीएमच्या खाली गाडी रेंगाळते का, झटका देते का. मग साठ ते शंभर. शेवटी बंपर टू बंपर गर्दीत पंधरा मिनिटं. मॅन्युअल डिझेलचा क्लच तिथेच आपलं वजन सांगतो. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर दोन्ही चालवा.

जुनी घेत असाल तर

३१ मार्च २०२० पर्यंतच्या बीएस-४ डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा डीपीएफ नसतो. शहरात त्या कमी त्रास देतात. बीएस-६ डिझेल बघताना स्कॅनर लावून काजळीची पातळी आणि शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं ते वाचून घ्या. सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा : डीपीएफ जागेवर आणि धड असेल तर बोट जवळजवळ कोरडं निघतं, काळं झालं तर गाळणी फुटलेली किंवा काढलेली.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांमागे कारण आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि तिच्या अंमलबजावणीवर अजून आदेश येत असतात. महाराष्ट्रात तशी बंदी नाही, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो धरून मग किंमत स्वस्त वाटते का ते बघा. बदलीची नोकरी असेल आणि दिल्लीला जायची शक्यता असेल, तर पेट्रोलकडे झुका.

गाडी घरी आली की पहिलं काम

टाकीच्या झाकणावर आतून-बाहेरून इंधनाचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवा. पंपावर तोंडाने सांगा आणि नोझल आत जाताना खाली उतरून उभे राहा.

तरीही पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेलं, तर ती धूर सोडून, अडखळत बंद पडते. टाकी, फिल्टर आणि प्लग साफ करून सहसा निभावतं. डिझेलमध्ये पेट्रोल गेलं तर मामला गंभीर. कॉमन रेलचा, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, पंप दोन हजार बारच्या आसपास दाब तयार करतो आणि त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. पेट्रोलमध्ये ते वंगण नाही. पंप कोरडा घासतो, धातूचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो, आणि पंप, रेल, चार इंजेक्टर मिळून बिल लाखाच्या पुढे. म्हणून चूक लक्षात येताच किल्ली फिरवायची नाही, स्टार्टचं बटण तर नाहीच, इग्निशनही ऑन करायचं नाही. काही गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होतो. न्यूट्रलला घालून ढकलत बाजूला घ्या. ऑटोमॅटिक न्यूट्रलला जात नसेल, तर ती जागीच उभी राहू द्या आणि पंपवाल्यांना बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी दुसरी नोझल वापरायला सांगा. मग फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्याला, फोन करा.